दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर ४,८५० रुपये: आठ महिन्यांचा अनुभव

मी डोंबिवलीत घरी बसून मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन करते. हस्तलिखितं येतात, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करायची, दोनदा वाचायची आणि प्रकाशकाला पाठवायची. पैसे पानामागे मिळतात. त्यामुळे लॅपटॉप जितका वेळ खोळंबवतो तितकं माझं नुकसान. जून लागला की दिवाळी अंकांची कामं सुरू होतात आणि गणपतीच्या आधी बरंचसं हातावेगळं करावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये, नेमक्या याच दिवसांत, माझ्या लॅपटॉपने मान टाकली.

लॅपटॉप लेनोव्होचा थिंकपॅड टी४५०, म्हणजे २०१५ चं मॉडेल. दादाच्या कंपनीने २०१९ मध्ये वापरलेले लॅपटॉप कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिले, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक उचलला. आत इंटेलचा पाचव्या पिढीचा आय५-५३००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. याचा कीबोर्ड मला जिवापाड आवडतो. बटणं मधोमध किंचित खोलगट आहेत, बोट आपोआप जागेवर बसतं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या पद्धतीने दिवसाला वीस-पंचवीस पानं टाइप केली तरी मनगट भरून येत नाही. दुकानात जाऊन नव्या, स्वस्तातल्या लॅपटॉपांच्या बटणांवर हात फिरवून पाहिला होता. तो सपाटपणा मला मानवला नसता. म्हणून हा लॅपटॉप सोडायला मन तयार नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

अवस्था काय होती ते सांगते. सकाळी बटण दाबून मी कुकर लावायला जायचे. तिसरी शिट्टी झाली की परत यायचे, तेव्हा कुठे पडद्यावरची चित्रं एकेक करून उमटत असायची. घड्याळ लावून पाहिलं तर बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर टाइप होईपर्यंत ३ मिनिटं ४० सेकंद लागली. शब्दकोशासाठी ब्राउझर उघडला की लिहिण्याची खिडकी गोठायची. एका संध्याकाळी तीनशे पानांची कादंबरी सेव्ह होताना पडदा पांढरा पडला आणि चार मिनिटं माझा जीव टांगणीला लागला. फाइल वाचली. पण त्याच रात्री ठरवलं की आता काहीतरी करायचंच.

पैसे होते सहा हजार. भिशीचा माझा नंबर त्याच महिन्यात लागला होता, आणि त्यातले सहा हजारच मी लॅपटॉपसाठी बाजूला काढू शकत होते. बाकीचे मुलाच्या डिप्लोमाच्या फीला.

आधी जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने लॅपटॉप उघडलाही नाही. चालू केला, अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड कमजोर झालाय. नऊ हजार लागतील, आणि गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन घ्या, माझ्याकडे ऑफर आहे." मला हे फार लागलं. ज्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं समजून आपण जातो, त्याने निदान झाकण तरी काढून पाहावं.

घरी आल्यावर मुलाने एक गोष्ट करायला सांगितली, आणि जुन्या लॅपटॉपवर पैसे घालू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी असं मी कळकळीने सांगते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांच्यावर किती भार आहे ते टक्क्यांत दिसतं. आता नेहमीची कामं सुरू करा आणि लॅपटॉप अडकला की त्या तीन आकड्यांकडे पाहा. माझ्याकडे प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ८८ टक्के आणि डिस्क १०० टक्के. पंधरा मिनिटं बसून राहिले, डिस्कचा आकडा शंभरावरून हलेना. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता, प्रोसेसर तर जवळजवळ रिकामा बसला होता. सगळं घोडं हार्ड डिस्कपाशी अडलं होतं.

असं का होतं ते मुलाने कागदावर काढून दाखवलं, आणि मला ते पटलं. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. त्यात वाचणारी सुई एका जागेवरून दुसरीकडे सरकायचा वेळ वेगळा. एकच मोठा सिनेमा वाचायचा असेल तर काही बिघडत नाही, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करायच्या असतात, आणि दर वेळी सुईला उडी मारावी लागते. त्यात रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर नेऊन टाकतं. म्हणजे जी आधीच दमलेली, तिच्याच डोक्यावर आणखी ओझं. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क. तीत फिरणारं काही नाही, त्यामुळे ही उडीच संपते. टी४५० च्या जोडणीतून एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाऊ शकते, पण माझ्या कामात खरा फरक त्या आकड्याचा पडला नाही. बारीक फाइली चुटकीसरशी हाताला लागण्याचा पडला.

तेव्हा क्रम ठरला: आधी एसएसडी, मग रॅम, पैसे उरले तर बॅटरी.

एसएसडी क्रूशियलची बीएक्स५००, ५०० जीबीची, ३,१५० रुपयांना घेतली. २४० जीबीची बाराशे रुपयांनी स्वस्त पडत होती आणि माझ्या मजकुराच्या फाइलींना तेवढी जागा डोक्यावरून पाणी. पण स्कॅन केलेली हस्तलिखितं जागा खातात, आणि एसएसडी गच्च भरली की मंदावते, म्हणून मोठी घेतली. तीन वर्षांची वॉरंटी आहे आणि १२० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) इतकं लिखाण सोसण्याची हमी आहे. मुलाने भागाकार केला: रोज १०० जीबी लिहिलं तरी तीन वर्षं पुरेल. माझ्या हातून रोज पाच-सहा जीबीसुद्धा लिहून होत नाही. तेव्हा ही झिजेल ही काळजी मनातून काढून टाकली.

विकत घेताना दोन गोष्टी पाहिल्या. जाडी ७ मिलिमीटर आहे का, कारण या लॅपटॉपचा कप्पा तेवढाच आहे. आणि जीएसटीचं पक्कं बिल मिळतंय का, कारण बिलाशिवाय वॉरंटीचा आग्रह धरता येत नाही. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि एसएसडीवरचा नंबर दुकानातच जुळवून घेतला. हजार रुपयांत दोन टीबी असं कुठे दिसलं तर तिकडे वळूही नका. तसल्या मालात आत जेमतेम एक छोटं मेमरी कार्ड असतं आणि बाहेर दाखवतात भलतंच.

रॅमच्या बाबतीत मात्र फटका बसला, आणि तो इथे सविस्तर सांगते कारण कुणालाही बसू शकतो. या लॅपटॉपला डीडीआर३एल रॅम लागते. शेवटचा तो 'एल' महत्त्वाचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ व्होल्टवर. दोन्हींच्या २०४ पिना, खाच एकाच जागी, दिसायला जुळ्या बहिणी. खोबणीत दोन्ही बसतात. पण चौथ्या-पाचव्या पिढीच्या या प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच लागते. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ८ जीबीची एक कांडी मागवली. जाहिरातीत एल लिहिलं होतं. आली ती लावली, तर लॅपटॉपने नुसते भोंगे दिले आणि पडदा काळाच. आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी तुटलं. हात थरथरत होते. शेवटी भिंग घेऊन कांडीवरची चिठ्ठी वाचली: पीसी३-१२८००. हवं होतं पीसी३एल-१२८००. अक्षर एकच, पण त्याच्या पायी चार दिवस गेले. विक्रेत्याने माल परत घेतला, पैसे आठवड्याने आले, पण तो आठवडा माझ्या कामाचा होता. तेव्हा जाहिरातीतल्या मजकुरावर विसंबू नका, कांडीच्या चिठ्ठीचा फोटो मागा आणि त्यावर एल दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्यानंतर मी सरळ लॅमिंग्टन रोड गाठायचं ठरवलं. हा रस्ता, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या मालासाठी ओळखला जातो. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून थोडं चालायचं. जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस धो धो. लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर टॉवेल, आणि ती बॅग पोटाशी धरून लेडीज डब्यात उभी होते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून मंगळवार निवडला.

दर्शनी मोठ्या दुकानांत नवी रॅम होती, पण डीडीआर३एल मागितली की मान हलायची. जुनी झाली ती आता. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना चढून, एका कारागिराचं छोटंसं दुकान आहे असं भाच्याने सांगितलं होतं. एक टेबल, वर भिंगाचा दिवा, मागे फळीवर उघडलेले लॅपटॉप रांगेने, प्रत्येकावर पेनाने लिहिलेली चिठ्ठी. मी म्हटलं, "भाऊ, टी४५० आहे. रॅम हवीय आणि एसएसडी बसवायचीय. एसएसडी माझ्याकडे आहे."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि आधी विचारलं, "ताई, यावर करता काय तुम्ही?"

टायपिंग, मुद्रितशोधन, ब्राउझर, थोडं स्कॅनिंग, असं मी सांगितलं. "मग सोळा जीबीच्या भानगडीत पडू नका," ते म्हणाले. "चारची कांडी आहे ती राहू दे, दुसरा स्लॉट रिकामा असणार. त्यात आठची टाकतो. बारा झाले. पुष्कळ झाले." सोळा विकले असते तर त्यांना जास्त पैसे मिळाले असते, आणि मी हो म्हटलं असतं. त्या क्षणी मला या माणसाबद्दल विश्वास वाटला.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या हाताकडे पाहत बसले. आधी लॅपटॉप चालू करून एफ१ दाबलं आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद केली. टी४५० ला दोन बॅटऱ्या असतात, एक मागून काढता येणारी आणि एक पोटात. बाहेरची काढली तरी पोटातल्या बॅटरीचा प्रवाह बोर्डावर चालूच राहतो, आणि तशात रॅमला हात लावला तर बोर्ड जाऊ शकतो. बायोसमध्ये ती बंद करायची सोय दिली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. घरी पहिली कांडी लावताना मी हे केलं नव्हतं. नशीब माझं.

मग उलटा करून स्क्रू सैल केले. ते झाकणातच अडकून राहतात, खाली पडत नाहीत. स्क्रू निघाले तरी झाकण कडेने अडकलेलं असतं, ते त्यांनी गिटार वाजवायच्या पातळ प्लास्टिकच्या तुकड्याने टक टक करत सोडवलं. आत पंख्यापाशी सहा वर्षांची करडी धूळ साचली होती, गोधडीतल्या कापसासारखी. ब्लोअर मारण्याआधी त्यांनी पंख्याच्या पात्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, का? "हवेने पंखा भरमसाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं, ताई. तो धरून ठेवायचा." मग मऊ ब्रशने जाळी साफ केली.

जुनी रॅम तिच्या जागी, दुसऱ्या खोबणीत नवी: तिरकी घातली, मग अंगठ्याने दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा खट असा आवाज. कांडी वापरलेली होती, कुठल्यातरी भंगारात निघालेल्या लॅपटॉपमधली, ९५० रुपये, महिन्याची टेस्टिंग वॉरंटी. चिठ्ठीवरचा एल त्यांनी मला आपणहून दाखवला. हार्ड डिस्कला एक पत्र्याची चौकट असते, ती काढून एसएसडीवर चढवली आणि कप्प्यात सरकवली. मजुरी, साफसफाईसकट, ४००. जुन्या हार्ड डिस्कला यूएसबीची डबी ३५० रुपये. हिशोब ४,८५० वर थांबला. निघताना त्यांनी डोक्यात ठेवण्यासारखं एक सांगितलं: "वापरलेली रॅम आहे, रात्रभर तपासून घ्या. काही निघालं तर महिन्याच्या आत या." घरी गेल्यावर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घालून रात्रभर चालवलं. एकही चूक निघाली नाही.

विंडोज नव्याने टाकलं, जुनं जसंच्या तसं उचलून आणलं नाही. सहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून साधन उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० घेतलं. परवाना बोर्डाला जोडलेला असतो, त्यामुळे इंटरनेट मिळताच तो आपोआप लागू झाला, कुठलीही प्रॉडक्ट की टाकावी लागली नाही. माझ्या फाइली जुन्या डिस्कवरून, यूएसबीच्या डबीतून, परत घेतल्या. तुम्ही करणार असाल तर फॉन्टचा फोल्डर आणि शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द आधी वेगळे काढून ठेवा. मी भरलेल्या शब्दांची यादी ठेवायला विसरले होते. जुनी डिस्क शाबूत होती म्हणून ती सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने बटण दाबलं आणि कुकरकडे वळले. डबे अजून कुकरमध्ये ठेवायचे होते, तोवर लॅपटॉप पासवर्ड मागत होता. घड्याळ लावलं: पहिल्या अक्षरापर्यंत २४ सेकंद. तीनशे पानांची फाइल उघडायला पूर्वी मिनिटभर लागायचं, आता तीन-चार सेकंद. एका बाजूला स्कॅन केलेलं हस्तलिखित, मधे लिहिण्याची खिडकी, मागे शब्दकोशाच्या सात-आठ खिडक्या, तरी मेमरी ५५ टक्क्यांच्या वर जात नाही. त्या हंगामात मी तीन दिवाळी अंकांचं काम केलं आणि तिन्ही वेळेवर दिले. आदल्या वर्षी दोनच झेपले होते. एका जादा अंकाच्या कामातच खर्च भरून निघाला.

आता उणी बाजू. प्रोसेसर तोच आहे, बोर्डाला कायमचा जोडलेला, बदलता येत नाही. शंभर पानांच्या स्कॅनमधून अक्षर ओळखायचं काम दिलं की पंखा जोरात फिरतो आणि वेळ पूर्वीइतकाच लागतो. व्हिडिओचं संपादन करणाऱ्याने या मार्गाला जाऊ नये. या किमतीच्या एसएसडीत वेगळी कॅश मेमरी नसते, त्यामुळे एकाच वेळी खूप मोठा साठा तीत टाकला तर सुरुवातीला भराभर जातो आणि मग वेग उतरतो. चाळीस जीबीचं स्कॅन एकदम टाकताना हे जाणवलं, रोजच्या कामात कधीच नाही.

पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे, वाचनाला अपुरा. चांगला पडदा बसवता येतो, पण चार-साडेचार हजार मागत होते. त्याऐवजी मुलाचा जुना २२ इंची मॉनिटर व्हीजीएच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटरच्या, वायरीने जोडला. जुन्या लॅपटॉपला अजून व्हीजीएचं तोंड आहे, हे अशा वेळी कामाला येतं.

बॅटरी नोव्हेंबरमध्ये घेतली. घेण्याआधी पाहा: कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता ती किती साठवते हे शेजारी शेजारी दिसतं. माझ्या बाहेरच्या बॅटरीत मूळच्या जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता, पोटातली निम्म्याच्या वर होती. म्हणून फक्त बाहेरची बदलली, १,९०० रुपये, दुसऱ्या कंपनीची. आता साडेतीन तास निघतात. मूळ कंपनीची इतक्या जुन्या मॉडेलसाठी मला मिळाली नाही. दुसऱ्या कंपनीची घ्यायची तर बिल आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी घ्या, आणि पहिले काही दिवस रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

सगळ्यांत मोठा प्रश्न विंडोजचा. विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा पाचव्या पिढीचा. आडवाटेने टाकणारे आहेत, पण ज्यावर पोट आहे त्या यंत्रावर मी ते करणार नाही. मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटचं एक जादा वर्ष दिलं आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आपल्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. अपडेटच्या पानावरूनच मी नाव नोंदवलं. शिवाय १०० जीबीचा एक भाग काढून त्यावर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकली. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, त्यामुळे बोटांना काहीच नवं शिकावं लागलं नाही. लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या फुकट प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं, रफार, अर्धचंद्र सगळं नीट उमटतं. युनिकोडचं काम करणाऱ्याला मिंट पुरतं, हे मी आता खात्रीने सांगते. जानेवारीपासून माझं निम्मं काम तिथेच चाललं आहे.

एक गोष्ट मात्र वेळेची आहे. मी जुलैत घेतलं ते बरं झालं. २०२५ च्या शेवटी रॅम आणि एसएसडीचे भाव भराभर चढले, कारण एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरीचा मोठा वाटा उचलायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये क्रूशियलची मूळ कंपनी मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉरंटी चालू राहील असं त्यांनी सांगितलं आहे. आज घेणाऱ्याला माझे आकडे मिळणार नाहीत. म्हणून आता तर आधी टास्क मॅनेजर उघडून पाहणं आणखी गरजेचं झालं आहे. मेमरी ६० टक्क्यांवर असेल तर रॅमला हात लावू नका, फक्त एसएसडी घ्या. २४० जीबीची घेतली तरी काम निभेल.

कुणी करू नये तेही सांगते. काही स्वस्त लॅपटॉपांत रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डालाच चिकटवलेली असतात, खोबणी नसतेच. त्यात घालायला काही नाही. सेलेरॉन या इंटेलच्या कमी ताकदीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर पाच हजार घालूनही हाती फार लागत नाही. आणि बिजागरी तुटलेली, पडद्यावर रेघा, बॅटरी फुगलेली, असं दोन-तीन बाजूंनी गळत असेल तर पैसे राखून ठेवा आणि आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप बघा. माझ्याकडे सांगाडा भक्कम होता, कीबोर्ड सोन्यासारखा होता, एकच जागा अडलेली होती.

जुनी हार्ड डिस्क आता डबीत आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने तपासली, निळ्या रंगात 'गुड' असं आलं. दर शनिवारी तिच्यावर आठवड्याच्या कामाची प्रत ठेवते, दुसरी प्रत दादाकडच्या डिस्कवर जाते. एवढ्या वयाच्या डिस्कवर एकटीवर भरवसा ठेवत नाही.

राहिलं आहे ते एकच काम. २०१९ च्या आधीची माझी बरीच पुस्तकं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत आहेत. मिंटमध्ये ती उघडली की नुसती चिन्हं दिसतात. ऑक्टोबर २०२६ च्या आत ती सगळी युनिकोडमध्ये आणायची आहेत. रूपांतर होतं, पण रफार आणि र्‍ह जागेवर बसत नाहीत, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. रोज रात्री जेवणं आटोपली की दोन प्रकरणं घेते. त्रेसष्ट फाइली होत्या, काल एकोणीसावी संपली.